अमानत आणि साक्ष

एडवर्ड स्नोडेनचे नाव आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. टेरी ऑल्बरीचे नाव मात्र फारसे कुणी ऐकलेले नाही. खरे तर त्याचा खटला आपण मुसलमानांनी जरा नीट वाचायला हवा.

ऑल्बरी एफबीआयचा अधिकारी. नेमणूक मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला. अमेरिकेतली सोमाली मुसलमानांची सर्वांत मोठी वस्ती याच राज्यात आहे. तिथली काही पोरे अल-शबाबकडे आणि पुढे आयसिसकडे गेली, हे खरे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या मूठभर पोरांपायी सगळी वस्ती संशयात आली. त्या कार्यालयात ऑल्बरी एकटाच कृष्णवर्णीय अधिकारी होता, असे त्याच्या वकिलांनी सांगितले. रोजचे काम त्याला सोसेना. त्याने संगणकाच्या पडद्याचे फोटो काढून गोपनीय कागद पत्रकारांकडे पोचवले. विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांतून खबरी कसे मिळवावेत, खबऱ्यांना कसे जोखावे, असले नियम 2016 आणि 2017 मध्ये 'द इंटरसेप्ट'ने छापले. गंमत अशी, की पत्रकारांनी कायदेशीर माग्गाने माहिती मागणारे अर्ज केले होते, आणि त्या अर्जांवरूनच हे कागद कुणी उघडून पाहिले याचा शोध सुरू झाला.

ऑक्टोबर 2018 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. कायदा कोणता? 1917 चा, पहिल्या महायुद्धात हेरांसाठी केलेला. एकेका आरोपाला दहा वर्षांपर्यंत कैद. लोकांच्या भल्यासाठी केले, हा बचाव त्यात बसतच नाही. शिक्षा किती द्यावी यावर बोलताना वकिलांनी हेतू मांडला. गुन्हा ठरवताना त्याला जागा नव्हती.

दुसरीकडे सीआयएचे माजी प्रमुख जनरल पेट्रेयस. त्यांनी अत्यंत गोपनीय मजकुराच्या वह्या आपले चरित्र लिहिणाऱ्या बाईंच्या हाती दिल्या. 2015 मध्ये त्यांना दोन वर्षांची देखरेख आणि एक लाख डॉलर दंड झाला. तुरुंग नाही. सलाम मोठ्या खुर्चीला, दुसरे काय!

माझी सारी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली. लाखेची मोहर असलेले लखोटे या हातांतून गेले. मोहल्ल्यातली एखादी अम्मी दारात येऊन म्हणायची, "भाईजान, माझ्या पोराच्या कागदात काय लिहिलंय, एवढंच सांगा." मी सांगत नसे. अमानतीत खयानत करू नये, ही अब्बांची शिकवण. साक्ष दडवू नये, हीही त्यांचीच. या दोन शिकवणी माझ्यापुढे कधी एकमेकींशी भांडल्या नाहीत, कारण त्या पोराचा कागद आज ना उद्या भर कोर्टात वाचला जायचा. त्याचा वकील उलटतपासणी घ्यायचा. मिनियापोलिसच्या सोमाली टॅक्सीवाल्याला असा दिवस कुठून येणार? त्याच्यावर आरोपच नव्हता, मग सुनावणी कसली? म्हणून ऑल्बरीला खयानत करणारा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडेही इंग्रजांनी 1923 मध्ये करून ठेवलेला शासकीय गुपिते अधिनियम आहेच. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने कलम 8(2) मध्ये एक खिडकी ठेवली: लोकहित मोठे असेल तर त्या गुपितांच्या कायद्याची आडकाठी न धरता माहिती देता येते. पण ती द्यायची कार्यालयाने. टेबलावर बसलेल्या कारकुनाने आपण होऊन कागद बाहेर नेला, तर ती खिडकी त्याच्या कामाची नाही.

2020 च्या अखेरीस ऑल्बरी तुरुंगातून घरकैदेत आला. पुढच्या वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिकाला त्याने सविस्तर मुलाखत दिली. वरिष्ठांबद्दल तर तो बोललाच. पण आपल्या स्वतःच्या हातून किती लोकांची आयुष्ये नासली, तेही त्याने सांगितले. हे सांगण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केली नव्हती.