समानशील

न्यूयॉर्क शहरापासून हडसन नदीच्या कांठानें सुमारें शंभर मैल उत्तरेस गेलें म्हणजे पश्चिमेकडे कॅट्सकिल पर्वताची निळसर रांग दिसूं लागते. या पर्वतांत काटरस्किल नांवाची खोल दरी असून, दोन टप्प्यांनीं कोसळणारा सुमारें २६० फूट उंचीचा धबधबा आहे. प्रवाशास दरी दिसते, धबधबाही दिसतो. परंतु आशर डुरांड या चित्रकारानें दाखविल्याप्रमाणें एका जागीं उभें राहून दोन्ही दिसत नाहींत. त्याच्या १८४९ सालच्या ‘किंड्रेड स्पिरिट्स’, म्हणजे ‘समानशील जीव’, या चित्रांत निरनिराळीं स्थळें एकत्र आणलीं आहेत.

जें पृथ्वीवर तसें नाहीं तें कां रेखाटावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर चित्रांतील दोन माणसांपाशीं आहे. दरीवर पुढें आलेल्या शिळेवर शहरी पोषाखांतील दोन गृहस्थ उभे आहेत. कड्यांच्या विस्तारापुढें ते अगदीं लहान वाटतात. एक चित्रकार टॉमस कोल, व दुसरा, हॅट हातांत घेतलेला, कवि व संपादक विल्यम कलन ब्रायंट. डावीकडील झाडाच्या बुंध्यावर दोघांचीं नांवें कोरलेलीं आहेत. डुरांड मूळचा धातूच्या पत्र्यावर चित्रें कोरणारा; म्हणूनच पानें, साली व खडक त्यानें इतक्या बारकाईनें उमटविले आहेत.

कोल इंग्लंडांत जन्मला व १८१८ सालीं अमेरिकेस आला. १८२५ सालीं हडसनच्या सफरीवरून त्यानें काढलेल्या चित्रांपैकीं एक विकत घेणारा डुरांडच होता. फेब्रुवारी १८४८ मध्यें, सत्तेचाळीस वर्षें नुकतींच पूर्ण झालीं असतां, कोल वारला. ब्रायंटनें त्याच्यावर स्मृतिपर भाषण केलें. त्याबद्दल कृतज्ञता म्हणून जोनाथन स्टर्जिस या व्यापाऱ्यानें डुरांडकडून हें चित्र काढवून ब्रायंटला भेट दिलें. गेलेल्या मित्रास त्याच्या आवडत्या पर्वतांत पुन्हां उभें करावयाचें होतें. त्यासाठीं धबधबा चार पावलें अलीकडे आणला, तर त्यांत असत्य तें काय?

ब्रायंटच्या पश्चात् त्याची कन्या जूलिया हिनें १९०४ सालीं तें न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयास दिलें. तेथें तें शंभर वर्षें राहिलें. २००५ सालीं ग्रंथालयानें आपल्या निधीसाठीं तें बंद बोलीनें विकावयास काढलें. दोन मोठ्या संग्रहालयांनीं मिळून केलेली बोली अपुरी पडली, व अॅलिस वॉल्टन या धनिक बाईंनीं तें घेतलें. किंमत साडेतीन कोटी डॉलरांच्या घरांत असल्याचें वर्तमानपत्रांनीं छापलें. शहरांत पुष्कळ हळहळ झाली.

आमच्या शास्त्रांत दान आणि न्यास यांत भेद आहे. दानावर घेणाऱ्याचें स्वामित्व चालतें; न्यास मात्र सांभाळावयाचा असतो. ग्रंथालयानें कायदा मोडला असें आम्ही म्हणत नाहीं. पण स्मृतीसाठीं दिलेली वस्तु, दान असूनही, न्यासच होय, असें आम्हांस वाटतें.

न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वॉल्टनबाईंनीं तें घरांत कोंडून ठेविलें नाहीं. आर्कन्सा प्रांतांतील बेंटनव्हिल येथें २०११ सालीं उघडलेल्या त्यांच्या ‘क्रिस्टल ब्रिजेस’ संग्रहालयांत तें ठेविलें असून तेथील नेहमींच्या दालनांस प्रवेशमूल्य नाहीं. ज्या प्रदेशास चित्रकलेचें मोठें संग्रहालय ठाऊक नव्हतें तेथील मुलें आतां तें पाहतात. मात्र काटरस्किलचा धबधबा पाहून खालीं उतरलेल्या प्रवाशास ते दोन मित्र आतां हडसनच्या कांठीं भेटत नाहींत.