हात चालू असताना

सकाळच्या चहाबरोबर निधनवार्ता वाचणारी माणसं जळगाव-धुळ्याकडे अजून पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच. पुरुष गेला की तो काय होता ते छापतात: निवृत्त शिक्षक, प्रगतिशील शेतकरी, सोसायटीचे माजी चेअरमन. बाई गेली की ती कोणाची कोण होती ते छापतात. अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या मातोश्री, पश्चात मुलं, सुना, जावई, नातवंडं असा परिवार. स्वभावासाठी ‘मनमिळाऊ’ आणि ‘धार्मिक वृत्तीच्या’ हे शब्द ठरलेले. यात खोटं काही नसतं. फक्त ती बाई त्यात कुठं सापडत नाही.

३ डिसेंबर १९५१ ला जळगावात एक म्हातारी गेली. त्या दिवशी तिच्याविषयी चार ओळी लिहायच्या असत्या, तर त्याच लिहिल्या गेल्या असत्या: कै. नथुजी खंडेराव चौधरी यांच्या पत्नी, कवी सोपानदेव चौधरी यांच्या मातोश्री. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली आणि नात्याची दिशा फिरली. तेव्हापासून सोपानदेव हे बहिणाबाईंचे चिरंजीव झाले.

तिचं आयुष्य मात्र खानदेशातल्या कुठल्याही आजीचं असावं तसंच. १८८० चा जन्म, जळगावजवळच्या आसोद्याच्या महाजनांच्या घरात. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधरी वाड्यात आली. अंतर दोन-चार कोसांचं, पण सासर ते सासर आणि माहेर ते माहेर. घरी शेती, खटलं मोठं. तिशीत नवरा गेला. पदरात ओंकार, सोपान आणि काशी अशी तीन लेकरं. सोपान तेव्हा तीन वर्षांचा. पुढं ओंकारला प्लेगनं गाठलं, तो वाचला पण कायमचा अधू झाला. अक्षरओळख नाही, हातात कागद नाही. होतं ते पाठीवरचं काम: पहाटे घरोटावर दळण, दिवसभर शेत, संध्याकाळी चूल.

तिची गाणी या कामांतूनच आली, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, मोट, आखाजी, पोळा; ज्याला हात लागला त्याचं गाणं झालं. ज्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं, त्या छापखान्यावरही तिचं गाणं आहे. स्वतःविषयी म्हणून ती फार थोडं बोलली. एका गाण्यात दारी आलेल्या ज्योतिषाला ती परत धाडते, तेवढ्यात तिचं वैधव्य आपल्याला दिसून जातं. एरवी सुखदुःख धान्यात मिसळलेलं असतं. दळता दळता पीठ पडावं तसं ते बाहेर येतं.

सोपानदेवांच्या शाळेच्या दिवसांतली एक हकिगत सांगतात. पाठ्यपुस्तकात सावित्री-सत्यवानाचा धडा होता, तो त्यांनी आईला वाचून दाखवला. सकाळी उठून पाहतात तर आईचं त्यावर गाणं तयार! पोरानं ते वहीत उतरवून घेतलं आणि तिथून टिपून ठेवायला सुरुवात झाली. ही हकिगत आईच्या प्रतिभेचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. मला त्यात वेगळंच दिसतं. सावित्री ही पतिव्रतांची पतिव्रता. यमाच्या मागं चालत गेली आणि नवरा परत घेऊन आली. ऐकणारी तिशीत विधवा झालेली बाई. तिच्या बाबतीत यमानं काही ऐकलं नव्हतं. त्या रात्री तिच्या मनात काय चाललं असेल, हे तिला कोणी विचारलं असतं तर तिनं पदर सावरून विषय बदलला असता. मुलानं विचारलं नाही. त्यानं धडा वाचला, सकाळी गाणं ऐकलं आणि लिहिलं. कधीकधी न विचारणं हीसुद्धा ऐकण्याची रीत असते.

सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी, या दोघांनी जे टिपलं ते राहिलं. बाकीचं आसोद्याच्या वाटेवर आणि शेताच्या बांधावर विरलं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये तिचं नाव मिळालं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावानं पदव्या मिळतात याचं कौतुक सगळे करतात. पण ते सगळं पोराच्या वहीवर उभं आहे.

आमच्या या मुलखाला ऐकून लिहून घेणाऱ्यांची परंपराच आहे म्हणा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेले साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. विनोबांची ‘गीताई’ही त्याच वर्षी पहिल्यांदा छापली गेली. तिच्या मुळाशी पुन्हा आईच. संस्कृत कळत नाही, सोप्या मराठीत गीता असती तर, एवढंच रुक्मिणीबाई बोलल्या होत्या. १९१८ मध्ये त्या गेल्या. मुलानं ते बोलणं मनात धरून १९३१ मध्ये पुरं केलं. साने गुरुजींनी स्वतःच्या आईला ‘श्यामची आई’त आणलं ते नाशिकच्या तुरुंगात, १९३३ मध्ये. या आयांपैकी एकीनंही मुलाला बसवून ‘माझं चरित्र ऐक’ असं सांगितलं नव्हतं.

आमच्या आजीनंही नाही. धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. कॉलेजात असताना मी एकदा वही-पेन घेऊन तिच्यासमोर बसलो, तर ती हसली. “मनं काय सांगानं शे भाऊ! जलम चुल्हापुढेच गया.” मुलाखत संपली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र ती आपोआप सुरू व्हायची. अंगणात चूल, चुलीवर पालथं खापर. मऊसूत कणकेचा पुरण भरलेला गोळा ती हातावर घ्यायची आणि दोन्ही हातांवर आलटून पालटून तो असा वाढवत न्यायची की बघता बघता पोळी कोपरापर्यंत यायची. मग एका झोकात ती खापरावर पडायची. कडेला सुरकुती नाही, कुठं भोक नाही. खापर तापलंय हे ती पाण्याचा शिंतोडा मारून ओळखायची. हात चालू असले की तोंड सुटायचं. ही रीत सासूनं शिकवली, पहिली पोळी फाटली तेव्हा सासऱ्यांनी तीच मागून घेतली, दुष्काळाच्या वर्षी पुरण नव्हतं म्हणून नुसते मांडे केले, त्या वर्षी लेक माहेरी आली नाही. चार पोळ्यांत पन्नास वर्षं. पाचवीला ती म्हणायची, बाजूला सर, धूर लागतोय.

त्याच दिवशी दुपारी घागर भरून पितरांच्या नावानं आगारी टाकायची असते. वडील एकेक नाव घेत निखाऱ्यावर तूप सोडत. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा ही नावं अडत नसत. पणजीशी आले की ते थांबत आणि आतल्या खोलीकडं बघत. उत्तर आजीकडूनच येई. तिच्या सासूचं माहेरचं नाव तिला एकटीलाच ठाऊक होतं, कारण दोघींनी एकाच खापरावर पोळ्या टाकल्या होत्या.

घरातल्या लग्नाचं आज तीन-तीन तासांचं चित्रीकरण असतं. आजीच्या आवाजातली पाच मिनिटं नसतात. तिला समोर बसवून ‘तुझी गोष्ट सांग’ म्हणाल तर ती चुलीपुढं जन्म गेला म्हणेल, आणि निधनवार्तेला तेवढंच पुरेल. त्यापेक्षा ती कळण्याची भाकरी थापत असेल, भरताची वांगी भाजत असेल, वाती वळत असेल तेव्हा शेजारी जाऊन बसा. वांगं आतून शिजलं हे कसं कळतं, एवढंच विचारा. फोन बाजूला चालू असू द्या. तिचं उत्तर वांग्यापासून सुरू होईल. ते नवऱ्यापर्यंत, सासूपर्यंत, गेलेल्या लेकरापर्यंत जायला फार वेळ लागत नाही. मध्ये बोलू नका. आणि तिनं काही सोलायला दिलं, तर सोलत बसा.