आधी फ्रेम

1994 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात पोलादाच्या दोन लांबलचक प्लेट कापल्या गेल्या. ‘टॉर्नेडो’ या वाफेच्या इंजिनाचा जन्म मी तेव्हाचा धरतो. जगाच्या लेखी ते 2008 साली जन्मलं, कारण त्या वर्षी त्याने पहिल्यांदा वाफ धरली आणि ते स्वतःच्या बळावर हललं. वाढदिवस म्हणून ती तारीख नक्कीच जास्त शोभिवंत आहे.

इंजिनांचे अभियंते पेपरकॉर्न यांच्या ए-वन वर्गातली 49 इंजिनं 1948-49 मध्ये बांधली गेली आणि 1966 पर्यंत झाडून सगळी भंगारात गेली. संग्रहालयापुरतंसुद्धा एक ठेवलं नाही. 1990 साली काही रेल्वेवेड्यांनी ठरवलं, आपण पन्नासावं बांधू; तेच हे टॉर्नेडो. पैसा उभा करण्याची त्यांची रीत साधी होती: प्रत्येकाने आठवड्याला बिअरच्या एका ग्लासाची किंमत, म्हणजे सव्वा पौंड द्यायचा. चार वर्षांनी या वर्गणीदारांना डोळ्यांनी बघायला काय मिळालं? धुराडं नाही, चाक नाही, शिट्टी नाही. इंचाहून जाड, भोकं आणि खाचा पाडलेल्या दोन प्लेट. त्या बघूनही ज्यांनी पुढच्या आठवड्याचा सव्वा पौंड दिला, त्यांना मी खरे श्रद्धाळू म्हणतो.

या प्लेट आडव्या टाकत नाहीत, काठावर उभ्या करतात. चाकांच्या आतल्या बाजूला, इंजिनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्हींच्या मधे ठिकठिकाणी जाडजूड ओतीव आडवे तुकडे बसवून त्या जखडतात; हीच इंजिनाची फ्रेम. खालच्या कडेला ज्या खाचा दिसतात, त्यांत पुढे चाकांचे आस येणार असतात. स्प्रिंगांवर वरखाली व्हायला त्यांना मोकळीक हवी, पण पुढेमागे सरकायला मुळीच नको. बोल्टचीही गंमत आहे. भोकात सैल पडणारा बोल्ट नटाने कितीही आवळला तरी इथे चालत नाही. प्लेट आणि आडवा तुकडा एकत्र धरून भोक रीमरने साफ करायचं, त्या भोकाच्या मापाने बोल्ट लेथवर उतरवायचा आणि हातोड्याने ठोकून बसवायचा. शेकडो भोकं, आणि घाई करणाऱ्याचं तिथे काही काम नाही.

मग मापं. गवंडी जोत्याची आखणी करताना काटकोन बरोबर आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून पाहतो. फ्रेम जुळवणारा फिटर तेच करतो, फक्त त्याची चूक केसाच्या जाडीत मोजली जाते. सिलिंडरच्या मध्यातून बारीक तार ताणून ती मागच्या आसापर्यंत नेण्याची जुनी पद्धत होती. तारेशी आस काटकोनात नसला तर इंजिन चालतं, पण वाकडं चालतं: एका बाजूच्या चाकाची कड झिजते, दांड्यांची बेअरिंग तापतात आणि ड्रायव्हर-फायरमन उगाच शिव्या खातात.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती बॉयलरची आहे. तापला की तो लांबतो. दोन्ही टोकं पक्की बांधली तर काहीतरी फाटणारच. म्हणून त्याचं पुढचं टोक फ्रेमला घट्ट जोडतात आणि भट्टीकडचं टोक नुसतं टेकवतात, सरकू देतात.

बॉयलरच्या दुरुस्तीला वेळ लागे, म्हणून वर्कशॉपमध्ये आलेल्या इंजिनाचा बॉयलर उतरवून दुसरा तयार बॉयलर त्यावर चढवत. चाकं, सिलिंडर, नळ्याही बदलत. नंबर मात्र बहुतेक वेळा फ्रेमबरोबर राही. म्हणूनच टॉर्नेडोला ‘प्रतिकृती’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जुन्या मालिकेतला शेवटचा नंबर 60162 होता, याला 60163 दिला. मधे साठ वर्षांचा खंड आहे, एवढंच. त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनचा आहे, ही तक्रारही मला क्षुल्लक वाटते.

टॉर्नेडो बांधणाऱ्या संस्थेने पुढे ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे इंजिन हाती घेतलं. 2014 साली त्याच्या फ्रेमचं पोलाद आलं ते टाटा स्टीलच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातून. टाटांचीच पिंपरीची टेल्को म्हणजे ट्रक, एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी सांगतो: 1945 साली ती कंपनी निघाली ती रेल्वे इंजिनं बांधायला, आणि जमशेदपूरला तिने मीटर गेजची वायपी इंजिनं बांधलीही.

आपल्याकडच्या ब्रॉडगेज डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी इंजिनांची फ्रेम वेगळी आहे. अमेरिकी धर्तीवर उभ्या प्लेटऐवजी जाड पोलादी दांड्यांची. त्यामुळे मधून आरपार दिसतं, तेल घालायला हात जातो. एखाद्या स्टेशनबाहेर किंवा संग्रहालयात वाफेचं इंजिन शोभेला उभं असेल, तर फोटो काढून झाल्यावर जरा गुडघे टेकून चाकांच्या मधून आत बघा. पलीकडचा उजेड दिसला तर बहुधा दांड्यांची फ्रेम, नाही दिसला तर प्लेटची. लोक हसतील, हसू द्या.