गाडी बदलण्याचे गाव

कुर्डुवाडीचा माणूस गावाचे नाव सांगताना त्यास 'जंक्शन' जोडल्यावाचून राहत नाही. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लोहवाट येथून बार्शीस निघाली आणि तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ हे गाव गाडी बदलण्याचे गाव म्हणून जगले. एका बाजूस मोठी गाडी, दुसऱ्या बाजूस बार्शी-लातूरची आणि पंढरपूर-मिरजेची लहान गाडी, आणि मध्ये हमालांच्या पाठी. बार्शीकडून येणारे प्रत्येक पोते येथे एका डब्यातून उतरे व दुसऱ्यात चढे. त्या चढउतारावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, आमचीही. आजोबांनी आडतीचे दुकान स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर मांडले, ते याच हिशेबाने.

मुलगा अकरा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतो. त्याची आई गेल्यानंतर त्याने फोनवर दोनदा विचारले, "अण्णा, दुकान कधी आवरणार?" दोन्ही वेळा मी उत्तर न देता फोन ठेवला. पुढे तो विषय आमच्यात निघेनासा झाला. त्याच्याबरोबर इतर विषयही आटले. त्या उन्हाळ्यात त्याने विमानाचे तिकीटच पाठवले. चातुर्मास बसण्यापूर्वी परत यायचे, या अटीवर मी गेलो. तिकडे ते थंडीचे दिवस.

ॲडलेडहून उत्तरेस दोन दिवसांच्या वाटेवर एक गाव लागते. त्याचे नाव मरी. नाव ऐकूनच मी दचकलो. आपल्याकडे मरीआईच्या नावाने गावे हात जोडतात. तेथून ऊडनाडाटाची कच्ची वाट सुरू होते. मार्लापर्यंत सुमारे 620 किलोमीटर, सारी माती, वाळू आणि तांबडे खडे. पाऊस पडला तर वाट बंद. ती उघडी आहे की नाही, हे आरंभीच्या फलकावर लिहिलेले असते. आम्ही चौघे होतो: मी, मुलगा, सूनबाई आणि आठ वर्षांची नात. गाडीत दोन तंबू, पाण्याचे डबे, दोन जादा चाके, आणि सूनबाईंनी चार दिवस आधी करून ठेवलेल्या कडक भाकऱ्या. आपल्या सोलापूरकडच्या या भाकरीइतका प्रवासाचा सोबती जगात दुसरा नसेल. शेंगांच्या चटणीबरोबर ती पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखीच लागली.

मरीच्या स्टेशनावर आता गाडी येत नाही. फलाट आहे, काही जुनी इंजिने उभी आहेत. मुलगा म्हणाला, "अण्णा, हेही गाडी बदलण्याचे गाव होते." 1957 साली दक्षिणेकडून मोठा रूळ येथवर आला, पुढे उत्तरेस साडेतीन फुटी जुनाच राहिला, आणि सारा माल येथे उतरून पुन्हा चढू लागला. त्या गाडीचे नाव 'घान'. रेल्वे येण्याआधी या मुलखात उंटांचे तांडे माल वाहत. उंटवाल्यांना तिकडे सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांतले पुष्कळजण आपल्याकडच्या सिंध-पंजाब-बलुचिस्तानातून गेलेले होते. 1980 साली बऱ्याच पश्चिमेला नवा मोठा मार्ग निघाला आणि हा जुना बंद झाला. मरीत एका झाडाखाली बाकावर मी बराच वेळ बसलो. नात विचारत होती, आजोबा, कुणाची वाट पाहता?

पुढची वाट बहुतेक त्या मोडलेल्या रुळाच्या कडेकडेने जाते. ती तशीच का जाते, हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. त्या कोरड्या भूमीत जमिनीखालचे पाणी ठरावीक ठिकाणी झऱ्यांनी वर येते. अरबाना लोक हजारो वर्षे त्या झऱ्यांवर जगले. स्टुअर्ट नावाचा गोरा शोधक झऱ्यामागून झरा धरीत उत्तरेकडे गेला. त्याच्या मागाने 1872 साली तारेचे खांब पुरे झाले, आणि वाफेच्या इंजिनालाही पाणी हवे म्हणून रूळही तिकडूनच गेला. 'बबलर' नावाचा एक झरा आम्ही पायी जाऊन पाहिला. बशीसारख्या डबक्यात तळाची वाळू पाण्यासह उसळत असते, जणू दूध उतू येण्याच्या बेतात आहे आणि येत नाही.

कर्डिमर्का नावाच्या ओसाड स्टेशनाजवळ काही रूळ अजून जागेवर आहेत. स्लीपर सुकून भेगाळले आहेत. नावात 'कर्डि' ऐकून उगाच मन गावाकडे गेले.

मुक्काम कॉवर्ड स्प्रिंग्जला, खजुरीच्या झाडांखाली. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळे. रोज चार वाजले की मुलगा गाडी थांबवी, गॅस पेटे, आणि दिवस असतानाच जेवण उरके. नातीला शेकोटी हवी होती. तो तिला म्हणाला, "या ओंडक्यात मुंग्या आहेत, बघ." ती बघत बसली आणि शेकोटी विसरली. मी काही बोललो नाही. अकरा वर्षांत याने काय सोडले असेल, याची यादी मी मनाशी करून ठेवली होती. तीत पहिले नाव याच गोष्टीचे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघेच जुन्या भरावावरून दोन तास चाललो. थंडीने बोटे बधिर झाली होती. कुठे खिळा, कुठे कोळशाचा खडा. एवढ्या सपाट जागी माणसाला एकमेकांपासून तोंड लपवता येत नाही. मीच विषय काढला. म्हणालो, "लहान गाडी गेली तेव्हाच दुकान आवरायला हवे होते. आवरले नाही ते धंद्यासाठी नव्हे. आजोबांनंतर तुझे बाबा काय करत होते, हे तुला सांगायला काहीतरी जागेवर राहावे, एवढेच." तो चालताना थांबला. "अण्णा," तो म्हणाला, "मी आवरा म्हणत नव्हतो. एकटे पोती मोजत बसता, ते बघवत नाही."

पुढे विल्यम क्रीक लागले. हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच वस्ती, पण भोवतालचे गुरांचे रान एकटेच आपल्या सोलापूर जिल्ह्याहून मोठे. ती गुरे कशासाठी पाळतात, हे मी विचारले नाही. अल्जेबकिना येथे नदीवरचा 578 मीटरांचा लोखंडी पूल उभा आहे. त्याच्यावरून काहीच जात नाही. ऊडनाडाटा गावी 1960 साली 50.7 अंश उष्मा नोंदला गेला, असे मुलाने सांगितले. मी त्याला आपल्या मे महिन्यातील पत्र्याच्या गोदामाची आठवण दिली, आणि दोघेही हसलो. फार दिवसांनी.

त्या दिवाळीस नेहमीप्रमाणे वहीपूजन केले. मुलगा फोनवर होता. नव्या वहीत 'श्री' घातला, पण नवे खाते एकही घातले नाही. जुन्या येण्याची पानेच तेवढी पुढे ओढली. दोन्ही हमालांचे हिशेब कार्तिकात चुकते केले. स्टेशनाकडचे दार मात्र मी अजून रोज सकाळी उघडतो.