झिजेची झळाळी

काळी गाडी सकाळच्या उन्हात उभी करावी आणि बॉनेटवर पडलेल्या सूर्याकडे बघावं. त्याच्याभोवती बारीक, गोल गोल, चंदेरी जाळं पसरलेलं दिसतं. आपण दोन पावलं सरकलो की सूर्याबरोबर जाळंही सरकतं. खरं तर तिथे गोल काहीच नसतं. ओरखडे वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. त्यातले जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि मिळून वर्तुळाचा भास करतात. सुंदरच दिसतं ते. फक्त आपल्या गाडीवर असू नये.

जाळं विणणारा हात ओळखीचाच असतो. पहाटे सोसायटीत येणारा दादा एका बादलीत आणि एका फडक्यात रांगेतल्या सगळ्या गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीपर्यंत प्रवास करते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण देतो त्या पैशांत आणि तेवढ्या पाण्यात दुसरं काय होणार?

मग कोणीतरी सांगतं, ‘रबिंग-पॉलिश मारून घ्या, नवी दिसेल.’ ऐकताना वाटतं, कल्हईसारखं काहीतरी वर चढणार आहे. इथे गणित उलटं आहे. कल्हईवाला भांड्यावर कथील चढवतो. बफ मारणारा गाडीवरून थर उतरवतो. ओरखडा भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणली जाते. आणि ही जमीन आहे तरी केवढी? पत्र्यावरचा प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही त्यातच. कडक कंपाउंडचा एक हात फिरला की त्यातले काही मायक्रॉन गेले, ते कायमचे.

म्हणून पॉलिशचं मशीन निवडणं म्हणजे हा ऐवज किती वेगाने उडवायचा ते ठरवणं. रोटरी मशीनची चकती एकाच आसावर, मिनिटाला 600 ते 3000 फेरे घेत, सरळ फिरते. कापते झपाट्याने, तापवतेही झपाट्याने. दाराच्या घडीवर, बॉनेटच्या कडेला रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे मशीन क्षणभर रेंगाळलं की खालचा प्रायमर डोकावतो. आधी कडांना मास्किंग टेप लावतात ते यासाठीच. जुन्या पेंटरच्या हातात रोटरी फिरताना बघणं हा मात्र आनंद आहे: मनगट सैल, चकती सपाट, थांबणं नाही. नवख्याच्या हातातून तीच रोटरी उन्हात तरंगणारे, सावलीत लपणारे होलोग्रामचे पट्टे ठेवून जाते.

ड्युअल अ‍ॅक्शन मशीन सौम्य. त्याची चकती फिरता फिरता डोलतेही. हा डोल 8, 15 किंवा 21 मिलिमीटरचा असतो. मिलानजवळच्या रुपेस कंपनीने मोठ्या डोलाची मशीन लोकप्रिय केली. 21 चा डोल छपरावर ऐटीत चालतो, पण आरशाच्या पाठीवर अवघडतो; घरच्या माणसाने 15 घ्यावा आणि निर्धास्त असावं, असं माझं मत. वळणदार भागावर किंवा जास्त दाब दिल्यावर ही चकती फिरायची थांबते आणि नुसती थरथरते. ते कळावं म्हणून जाणते लोक बॅकिंग प्लेटवर मार्करने एक काळी रेघ ओढून ठेवतात. रेघ दिसेनाशी झाली तर काम चालू आहे. दिसत राहिली तर वीज जळते आहे, बाकी काही नाही.

पॉलिशच्या बाटल्यांवरचे आकडे हा एक स्वतंत्र छळ. जर्मनीच्या मेंझर्नाचं 400 कडक आणि 3800 अगदी तलम. अमेरिकेच्या मेग्वायर्सचं एम 105 कापणारं आणि एम 205 उजळवणारं. दोघांच्या आकड्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. चकतीवर चढवायच्या पॅडच्या रंगांचंही तेच: एका कंपनीचा पिवळा दुसरीच्या पिवळ्याला ओळखत नाही. लोकर सगळ्यात जास्त कापते, मायक्रोफायबर तिच्या मागोमाग, फोम शेवटी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पॅड बदललं की तेच पॉलिश वेगळं वागतं.

शिवाय प्रत्येक गाडीचा क्लिअर कोट वेगळा, कुठला कडक, कुठला मऊ. म्हणून सावलीत, थंड पत्र्यावर, हातभर जागा निवडून पॅड-पॉलिशच्या सगळ्यात मवाळ जोडीपासून सुरुवात करावी आणि भागलं नाही तरच एक पायरी वर चढावं. मग तो तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघावा. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत बसून त्यांना लपवतं. अल्कोहोल ते सोंग उतरवतं. घेताना लखलखणारी जुनी गाडी दोन धुण्यांत म्हातारी का होते, त्याचं कारण बऱ्याचदा या तेलात असतं.

जाडी मोजायचं यंत्र मिळतं, तेही वापरावं. मात्र ते सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते नाही. धातूवर चालणारं हे यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर मुकं होतं. एखाद्या दारावर आकडा एकदम हजाराच्या पुढे गेला, तर आत लांबी भरली आहे असं समजावं.

आणि चावीने ओढलेली रेघ? तिच्यावरून नख फिरवावं. अडकलं, तर तिच्या तळापर्यंत जायचा हट्ट सोडावा. कडा जरा बोथट केल्या की उजेड तिला फारसा पकडत नाही. उरलेली असू द्यावी. गाडी विकताना घेणारा तिच्यावर बोट ठेवून पाच हजार कमी करायला सांगेल. क्लिअर उडून पांढरं पडलेलं बॉनेट बघितलं, तर तो पाच हजारांवर थांबणार नाही.