निर्दोष धूळ

नोव्हेंबर सरत आला की नावरोंगोत क्षितिज जवळ सरकू लागतं. घानाच्या अगदी उत्तर टोकाचं हे गाव. बुर्किना फासोची सीमा हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात इथली सपाट माती पार टोकापर्यंत हिरवी दिसते. भुईमुगाची शेतं, बाजरीची कणसं, मध्येच एखादा जाडजूड बाओबाब. मग एका सकाळी दूरचे बाओबाब दिसेनासे होतात. आणखी दोन दिवसांनी रस्त्याच्या टोकाचं घर फिकट पडतं. धुकं म्हणावं तर ओल कुठेच नाही. सूर्य बराच वर आलेला असतो, पण त्याच्याकडे सरळ पाहता येतं. हरमॅटन हा कोरडा, धुळीचा वारा सुरू झालेला असतो.

या मुलखात वर्ष दोन वाऱ्यांत वाटलेलं आहे. मे ते ऑक्टोबर गिनीच्या आखाताकडून ओला नैर्ऋत्य वारा येतो आणि वर्षभराचा बहुतेक सगळा पाऊस त्या पाच-सहा महिन्यांत उरकून घेतो. मोसमी पाऊस म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला आपल्याइतकंच ठाऊक आहे. त्याची बाजरी तर आपल्या बाजरीची पूर्वज. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती मालीच्या उत्तर भागात माणसाच्या हाताला सवयीची झाली आणि पुढे आपल्या भाकरीपर्यंत पोचली. कणसं घरात आली की ओला वारा समुद्राकडे मागे हटतो आणि मोकळी झालेली जागा सहारा घेतो.

हरमॅटनची धूळ बऱ्याच अंशी बोडेलेची. चाडमधला हा खोलगट प्रदेश इथून दोन हजार किलोमीटरवर. तिबेस्ती आणि एनेदी या डोंगरांच्या मधल्या खिंडीतून वारा तिथे वेग घेतो आणि खालची पांढुरकी माती उचलतो. ती माती वाळवंटाची नाहीच. एका सरोवराच्या तळाची आहे. काही हजार वर्षांपूर्वी तिथे महाराष्ट्रापेक्षा मोठ्या विस्ताराचं पाणी होतं. त्या पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांची कवचं तळाशी साठली, सरोवर आटलं, आणि आज ती पिठासारखी उडतात. काही अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलात उतरतात आणि तिथल्या झाडांना फॉस्फरस देतात. नावरोंगोच्या वाट्याला येतात ती वाटेत गळलेली.

धूळ आली की ती कुणालाच वगळत नाही. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि शिया लोण्याचा डबा घरात सगळ्यांच्या हाताशी येतो. धुतलेला सदरा बघता बघता वाळतो आणि तितक्याच लवकर मळतो. पहाटे अंगावर जाडसर कापड घ्यावंसं वाटतं आणि दुपारी पारा पस्तिशीला टेकतो. ज्याला त्याला खोकला. तरी या महिन्यांना इथे कुणी नुसते वाईट दिवस म्हणणार नाही. टोनो धरणाच्या कालव्याखाली टोमॅटो आणि भात याच काळात उभे असतात. मातीच्या भिंती लिंपायच्या, त्यांवर काळ्या, तांबड्या, पांढऱ्या रंगांत त्रिकोण आणि पट्टे ओढायचे, तेही पाऊस नसतानाच. हे काम इथल्या कासेना आणि नानकानी समाजांतल्या बायकांचं. १९०६ साली इथे आलेल्या मिशनऱ्यांच्या मागून जे मातीचं चर्च उभं राहिलं, त्याच्या आतल्या भिंतीही जवळच्या सिरिगू गावच्या बायकांनीच नक्षीने भरल्या. मातीने बांधायचं, मातीने रंगवायचं, आणि वर्षातून काही महिने मातीच श्वासात घ्यायची, असा हा संसार.

एकेकाळी मात्र या वाऱ्याची धास्ती खोकल्यापाशी थांबत नव्हती. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचा पट्टा मेनिंजायटिसचा पट्टा म्हणून ओळखला जातो आणि नावरोंगो त्याच्या आत पडतं. कोरडी, धुळकट हवा घशाचं अस्तर दुखावते आणि एरवी तिथे निमूट राहणाऱ्या जिवाणूला रक्तात शिरायला वाट मिळते, असं मानलं जातं. साथ कोरड्या दिवसांत भडकायची आणि पहिल्या पावसाबरोबर थांबायची. १९९६-९७च्या साथीत या पट्ट्यात अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार दगावली. जी वाचली त्यांतल्या अनेकांची श्रवणशक्ती गेली. वारा आणि मृत्यू यांचं नातं इतकं ठरलेलं की ते निसर्गाचंच वाटावं.

ते तसं नव्हतं. त्यातल्या 'ए' गटाच्या जिवाणूवर मेनआफ्रिव्हॅक ही लस तयार झाली ती पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पातून. अट एकच होती: डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला पाहिजे. तो बसला. लहान बाळांवरच्या चाचण्यांचा एक भाग नावरोंगोच्या आरोग्य संशोधन केंद्रात झाला. ६ डिसेंबर २०१० रोजी, म्हणजे ऐन हरमॅटनच्या तोंडावर, बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि २०१२ साली उत्तर घानात पोचली. लस दिलेल्या भागांतून 'ए' गटाची साथ जवळजवळ नाहीशी झाली. दुसऱ्या गटांचे जिवाणू अजून डोकं वर काढतात, लढाई संपलेली नाही. पण वारा तोच आहे, धूळ तीच आहे, आणि त्यांचा अर्थ बदलला आहे.

आता हवेचं दुसरं मोजमाप आलं आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कण चोवीस तासांत घनमीटरमागे पंधरा मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, असं जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून सांगते. हरमॅटनमध्ये ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. यंत्र कण मोजतं. तो कुठला, हे विचारत नाही. बोडेलेची धूळ आणि चुलीचा धूर त्याच्या लेखी एकाच आकड्यात बसतात. इथल्या बहुतेक घरांत लाकूड, कोळसा किंवा बाजरीची ताटं जळतात. ज्वारीची पिटो ही बिअर गाळणाऱ्या बाईची भट्टी तर तासन् तास पेटलेली असते. शिवाय कोरड्या दिवसांत रानाला लावलेल्या आगी. धूळ फुप्फुसाला दया दाखवते असं नाही. पण तिच्यामागे कुणाचा हात नाही. धुराचं तसं नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीपर्यंत चढतो, मग वादळं येतात आणि पाऊस हवा धुऊन काढतो. दूरचे बाओबाब पुन्हा दिसू लागतात. आणि नेमकी तेव्हाच, कोरड्या दिवसांत अंगणात असलेली चूल पावसामुळे आत येते. बाहेर नजर कोसभर मोकळी आणि आत बाईच्या डोळ्यांतून पाणी. डोळ्यांना दिसणारी हवा ज्या महिन्यांत सर्वांत निर्मळ, त्याच महिन्यांत तिच्या श्वासातली धुराने भरलेली. त्यामुळे इथली हवा फक्त हरमॅटनमध्ये मोजली तर सगळा ठपका सरोवराच्या मातीवर पडेल आणि चूल सुटून जाईल. वाऱ्याच्या नावावर जमा असलेले मृत्यू एका स्वस्त लशीने कमी करता आले. धुराच्या बाबतीत तर वाऱ्याचं नाव पुढे करायचीही सोय नाही. ते काम माणसांचं आहे आणि माणसांनाच करता येण्यासारखं आहे.