उसनं कुणाचं, आपलं कुणाचं?

चौबे कॉलनी, रायपूर

चि. छकुली,

एकांकिका अर्ध्यावर टाकलीस म्हणे, कारण कुणीतरी म्हणालं की यात तुझं काहीच नाही, सगळं वाचलेलं-पाहिलेलं आहे. असणारच! आभाळातून कुणाला सुचतं?

इथे महाराष्ट्र मंडळात नाटकाच्या गप्पा निघाल्या की मी हबीब तन्वीरांवर येतो. ते याच रायपूरचे, जन्म १९२३चा. लंडनला रीतसर नाट्यशिक्षण घेतलं, बर्लिनला ब्रेख्तची नाटकं पाहिली. पण त्यांचं नाटक उभं राहिलं ते इथल्या नाचाच्या कलावंतांमुळे. नाचा म्हणजे आपल्या तमाशाचा चुलतभाऊच, रात्रभर चालतो.

तन्वीरांनी या नटांना आधी शहरी तालमीला जुंपलं. या शब्दाला डावीकडे वळा, तिथे थांबा, आणि बोला हिंदीत. गावं गाजवणारे नट अवघडून गेले. नाचात प्रेक्षक भोवती बसलेले असतात. दाद येईल तिकडे नट वळतो, हशा पिकला की तोच विनोद जरा फिरवून पुन्हा घेतो. त्याला ठरवून दिलेल्या जागा काय कामाच्या? हे उमगायला तन्वीरांना बरीच वर्षं लागली आणि तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही. मग त्यांनी नटांना छत्तीसगढीत बोलू दिलं, हालचाली त्यांच्यावर सोडल्या.

१९७५चं 'चरणदास चोर' त्या वाटेवरचं. कथा राजस्थानची, विजयदान देथांनी लिहिलेली. बोली छत्तीसगढी, नाच सतनामी समाजाचा पंथी, आणि शेवट तन्वीरांनी बदललेला. १९८२ साली एडिंबरोला हे नाटक गाजलं, पुरस्कार घेऊन आलं. आता यातलं उसनं किती आणि स्वतःचं किती, काढ बघू निवडून!

एक मात्र मला खटकतं. तन्वीरांचं नाव नाटकवाल्या सगळ्यांना ठाऊक. पण मदन निषाद, लालूराम, फिदाबाई ही त्यांच्या नाचाच्या नटांची नावं तुझ्या पुण्यातल्या किती जणांना माहीत आहेत? तेव्हा घ्यायचं ते खुशाल घे, पण कुणाकडून घेतलंस ते पहिल्या पानावर लिही.

दिवाळीला ते अर्धं बाड घेऊन ये. मामीला वाचून दाखवू. ती भिडेखातर बसून राहणारी नाही. कंटाळली की सरळ उठून चहा टाकायला जाईल. ती जिथे उठेल तिथे पेन्सिलीने खूण कर आणि तेवढं पुन्हा लिही.

तुझा,
मामा